त्रेचाळीस

रविवारी चाळिसापासून वाचतात. उलट.
चाळीस, एकोणचाळीस, अडतीस,
आणि आम्ही सहा जण, लिनेटची आई धरून,
तिच्या स्वयंपाकघरात, हल शहरात,
हॉल्डरनेस रोडच्या मागच्या गल्लीत.
टेबलावर कागदात चिप्स, वर तो तांबडा मसाला
जो हलच्या बाहेर कुणाला माहीत नाही,
जसे आम्ही.

लंडनच्या माणसाचा फोन आला नव्हता.
क्लाइव म्हणाला, लाइन लागत नसेल.
आमच्या गावचे फोन वेगळे, रस्त्यावरच्या फोनच्या खोल्यासुद्धा
लाल नव्हेत, साईच्या रंगाच्या,
तेव्हा बातमी चुकून पुढच्या गावाला गेली असेल.

मी त्या गाण्यात नाही, हे आधीच सांगतो.
पहिल्या दोन गाण्यांत आहे.
तेव्हा गिटारी होत्या, लिनेटच्या अंगात भावाचा स्वेटर,
आणि माझे ड्रम, जे समेवर जरा उशिराच पोचायचे,
बस सुटताना धावत येणाऱ्या माणसासारखे.
दुसरं गाणं एकतिसावर गेलं.
बाबांची बोट गोदीला लागली ती लागलीच होती,
त्यांनी पहिल्यांदा विचारलं,
याचे पैसे मिळतात का रे?

मग लंडनचा माणूस म्हणाला, हे आता चालत नाही.
आता लोक नाचतात.
त्याने एक पेटी आणली, पाटाएवढी,
सोळा बटणं. ती कधी चुकत नाही.
मला कुणी काढलं नाही.
मला बटणं दाबायला दिली.
फोटोत मी मधोमध आहे, पांढऱ्या जाकिटात,
हातांचं काय करायचं ते न कळून.

लिनेटला सांगितलं, शब्द कमी कर.
तिच्या गाण्यात एक बाई होती, मासे साफ करताना
बोट कापून घेणारी.
बाई गेली. बोट गेलं. रक्तही पुसलं.
उरलं 'ये ना, ये ना', बत्तीस वेळा.
मी मोजलंय. मला तेवढंच काम होतं.

तीस.
एकोणतीस.
आणि इथे एक गंमत झाली:
नाव येत नव्हतं, म्हणून आशा वाढत होती.
खाली नाही म्हणजे वरच असणार.
पंचविसाला नेव्हिल उभा राहिला.
एकविसाला लिनेटच्या आईने केटल पुन्हा चढवली
आणि खाली गॅस लावायला विसरली.
मी, ज्याने महिनाभर मनात म्हटलं होतं
पडो हे गाणं, तोंडघशी पडो,
तो मी बाराव्यापाशी
बाबांच्या घराला नव्या बॉयलरचा हिशेब करत होतो.
लाज वाटली, पण नंतर.

आठ. सात.
डग्लस हसायला लागला,
बर्फावर घसरताना माणूस हसतो तसा.
तीन.
दोन.
एक नंबर दुसऱ्याच कुणाचा.
चांगलं गाणं होतं, खरं सांगायचं तर.

विसरले असतील गं, लिनेटची आई म्हणाली.

छापून आलं तेव्हा कळलं: त्रेचाळीस.
पुढल्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी. मग पान संपलं.
जुने म्हणाले, हे तुम्ही नव्हेच.
नवे काहीच म्हणाले नाहीत,
त्यांना आम्ही कधी कोण होतो?

तेल गेलं, तूप गेलं, तरी धुपाटणं हाती येतं म्हणतात.
माझ्या हाती पेटी आली, तीस पौंडांना,
व्हॅनचे हप्ते थकले होते म्हणून मीच घेतली.

माळ्यावर असते.
गेल्या हिवाळ्यात खाली आणली, वायर जोडली.
आतली बॅटरी कधीच मेलेली.
सगळं विसरली होती, त्या बत्तीस वेळांसकट.
दिवा तेवढा लागला.
तिच्यावर राग नाही माझा.
तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

मी एक बटण दाबलं.
मग दुसरं,
जरा उशिरा.